आधी हवा बघा, गॅस शेवटी! मोटरहोमच्या डॅशबोर्ड एसीबद्दल वाचकांचे प्रश्न

उन्हाळा सुरू झाला आणि पत्रांचा ढीग पडला, त्यातही या वेळी अमेरिकेतल्या वाचकांनी आरव्हीच्या (म्हणजे मोटरहोमच्या, राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या) एसीवरच जास्त लिहिलंय, म्हणून हा अंक त्यालाच देऊन टाकतो. घराच्या भागात छतावर जो एसी असतो तो नाही हं, ड्रायव्हरच्या समोर डॅशबोर्डमध्ये जो असतो, इंजिनवर चालणारा, त्याबद्दल बोलतोय. पत्रं थोडी छोटी केली आहेत.

प्रश्न: नमस्कार काका, आम्ही लॉस एंजेलिसजवळ राहतो. सेकंडहँड क्लास ए (बसच्या आकाराची) मोटरहोम घेतली आहे, २००५ ची, पेट्रोलवर चालणारी व्ही-१० इंजिनवाली. सपाट रस्त्यावर डॅशचा एसी छान चालतो. पण वेगासला जाताना वाटेतलं बेकर गाव सोडलं आणि चढ लागला की समोरच्या जाळ्यांमधून हवा यायची बंद होते आणि सगळी हवा काचेवर जाते, वर पोचलो की आपोआप परत समोरून. कधी कधी तर चढावर हवा गरमच येते. गॅरेजवाला म्हणतो गॅस कमी झालाय, भरून घ्या. भरू का?

उत्तर: नका भरू, निदान आत्ता तरी नको. हवा कुठून येते आणि हवा किती गार येते हे दोन पूर्ण वेगळे प्रश्न आहेत, आणि पहिल्या प्रश्नाशी गॅसचा काडीचाही संबंध नाही. गॅस अर्धा असो नाहीतर पूर्ण रिकामा, हवा समोरच्या जाळीतूनच आली पाहिजे.

आता बघा, तुमच्या गाडीच्या काळातल्या बहुतेक पेट्रोल मोटरहोममध्ये डॅशच्या आत ज्या झडपा असतात (हवा समोर पाठवायची, पायाशी की काचेवर हे ठरवणाऱ्या) त्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर हलतात, आणि हे व्हॅक्यूम येतं इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधून). गाडी उभी असताना, इंजिन नुसतं चालू असताना तिथे साधारण १८ ते २० इंच (पाऱ्याच्या मापाने) व्हॅक्यूम असतं. चढावर तुम्ही पेडल दाबून धरता तेव्हा ते जवळजवळ शून्यावर येतं. ही अडचण कंपनीला माहीत असते म्हणून मध्ये एक छोटी प्लास्टिकची टाकी आणि एक चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारा) दिलेला असतो. सोसायटीच्या गच्चीवर टाकी असते ना, नळाला पाणी नसलं तरी दोन तास निघतात, तसंच. ती टाकी किंवा पाइप गळका झाला नाहीतर चेक व्हॉल्व्ह बिघडला की साठा राहत नाही, आणि व्हॅक्यूम संपलं की झडप स्प्रिंगने काचेकडे वळते. हे मुद्दाम तसंच केलेलं असतं, कारण बाकी काहीही बिघडलं तरी काचेवरचं धुकं निघालं पाहिजे, समोरचा रस्ता दिसला पाहिजे.

टेस्ट फुकटातली आहे. गाडी घरासमोर उभी करा, एसी समोरच्या जाळीवर ठेवा, दोन मिनिटं इंजिन चालवा. मग इंजिन बंद करून किल्ली परत ऑनवर आणा, स्टार्ट करू नका, फक्त ब्लोअर चालू राहू द्या. हवा काही मिनिटं समोरूनच येत राहिली तर टाकी आणि व्हॉल्व्ह ठीक आहेत. पाच-दहा सेकंदात काचेकडे वळली तर चोर सापडला. मग बोनेट उघडून मॅनिफोल्डपासून निघणारी ती बारीक नळी बोटाने चाचपत जा. बॅटरीच्या आसपास आणि एक्झॉस्टजवळ ती कडक होऊन तडकलेली असते, जोडावरचे रबरी कोपरे सैल झालेले असतात, गाडी हिवाळाभर उभी असेल तर उंदरांनीही कुरतडलेली असते. हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप मिळाला तर एकेक तुकडा वेगळा काढून तपासता येतो, काटा चढवला की तो तिथेच थांबला पाहिजे. इंजिनकडचं सगळं चांगलं निघालं तर डॅशमधल्या गोल स्विचच्या मागे कान लावा, बारीक फुसफुस ऐकू येते. नळी आणि चेक व्हॉल्व्ह मिळून खर्च गॅस भरण्यापेक्षा कितीतरी कमी येतो.

आता गरम हवेचं. यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे हीटरला गरम पाणी नेणाऱ्या पाइपवर एक व्हॉल्व्ह असतो, तोही बऱ्याच गाड्यांमध्ये व्हॅक्यूमवरच बंद होतो, मॅक्स एसी लावला की. व्हॅक्यूम गेलं की तो उघडतो, इंजिनचं उकळतं पाणी हीटरमध्ये शिरतं आणि एसीने गार केलेली हवा तिथे परत तापते, म्हणजे बिचारा कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) मान मोडून काम करतोय आणि आपण त्याला शिव्या घालतोय. शंका असेल तर हीटरचा पाइप जाड फडकं गुंडाळून पकडीने हलकेच दाबून बघा, हवा पटकन गार झाली तर दोष या व्हॉल्व्हचा. दुसरी गोष्ट म्हणजे पेडल तळापर्यंत दाबलं किंवा इंजिन जास्त तापायला लागलं की इंजिनचा कॉम्प्युटर स्वतःच कॉम्प्रेसर सोडून देतो, सगळी ताकद चाकांना मिळावी म्हणून. हा बिघाड नाही, ती सोय आहे. बेकर ९३० फुटांवर आणि पुढचा हॅलोरान समिट चार हजारांच्या आसपास, आणि गाडी केवढी! तिथे रस्त्यावरच पाटी आहे ना, इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा अशी. ज्या गावात १३४ फुटांचा थर्मामीटर उभा केलाय (१९१३ मध्ये डेथ व्हॅलीत १३४ फॅरनहाइटची नोंद झाली, त्याची आठवण म्हणून) तिथली पाटी ऐकावी. पेडल थोडं सोडा, खालच्या गिअरमध्ये सावकाश चढा, व्हॅक्यूमही परत येईल आणि गारवाही.

प्रश्न: ब्लोअर फक्त चार नंबरवर चालतो, एक-दोन-तीनवर काहीच नाही. मोटर गेली का?

उत्तर: मोटर गेली असती तर चारवर तरी कशी चालली असती? ब्लोअरचा रेझिस्टर (खालचे वेग देणारा भाग) जळलाय. बदलताना त्याचा प्लगही नीट बघा, पिना काळ्या पडल्या असतील किंवा प्लास्टिक वितळलं असेल तर तोही बदला नाहीतर नवा रेझिस्टर फार दिवस टिकणार नाही. आणि ब्लोअरची मोटर हाताने फिरवून बघा, जड फिरत असेल तर तीच जास्त करंट ओढून रेझिस्टर जाळतेय.

प्रश्न: डॅलसहून लिहितोय. आमची क्लास सी (व्हॅनच्या पुढच्या भागावर बांधलेली) मोटरहोम आहे. सकाळी निघताना एसी मस्त गार, तास-दीड तासाने गरम. जेवायला थांबलो की परत गार, परत तासाभराने तेच. दोन वेगवेगळ्या ठिकाणी गॅस टॉप-अप करून झाला, आता तिसरा म्हणतो कॉम्प्रेसर बदला. खर्चाचा आकडा ऐकून बायको म्हणते गाडीच विकून टाक.

उत्तर: वहिनींना थोडं थांबायला सांगा. गॅस कमी असता तर सकाळी मस्त गार झालं नसतं, किंवा गार-गरम-गार असं मिनिटामिनिटाला झालं असतं. तासाने बिघडतंय आणि विश्रांतीने सुधारतंय म्हणजे काहीतरी तापतंय किंवा काहीतरी गोठतंय. कुठलं ते ओळखायला पुढच्या वेळी गरम व्हायला लागलं की जाळीसमोर हात धरा.

हवेचा जोरच कमी झाला असेल, ब्लोअरचा आवाज तेवढाच पण हवा जेमतेम, आणि गाडी थांबवल्यावर खाली भरपूर पाणी पडत असेल तर इव्हॅपोरेटरवर (डॅशमागच्या, हवा गार करणाऱ्या जाळीवर) बर्फ जमतोय. बर्फाने वाट बंद केली की हवा जाणार कुठून. तुमच्यासारख्या गाड्यांमध्ये कॉम्प्रेसर वेळेवर बंद करायला लो-प्रेशरचा एक स्विच असतो, साधारण २२ ते २५ पीएसआयला (पीएसआय म्हणजे प्रेशरचं माप) तो कॉम्प्रेसर सोडतो आणि ४५ च्या आसपास परत लावतो. तो चिकटला की कॉम्प्रेसर सुटतच नाही आणि बर्फ होतो. काही गाड्यांत स्विचऐवजी इव्हॅपोरेटरच्या पत्र्यात खोचलेली तापमानाची बारीक नळी असते, ती कुणीतरी काम करताना बाहेर निघालेली असते. हे तपासून होईपर्यंत ब्लोअर मोठा ठेवा आणि मधूनमधून दहा मिनिटं एसी बंद करून नुसता पंखा चालवा, प्रवास तरी सुखाचा होईल.

हवेचा जोर तोच आणि हवा मात्र गरम असेल तर माझा संशय कॉम्प्रेसरच्या क्लचवर, कॉम्प्रेसरवर नाही! पुढची पुली कायम फिरते, तिच्यासमोरची प्लेट मात्र कॉइलच्या चुंबकाने ओढली गेली तरच फिरते. वर्षानुवर्षं घासून पुली आणि प्लेटमधली फट वाढते, आणि कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, करंट कमी होतो, चुंबक कमजोर पडतो. गार असताना जमतं, तापल्यावर एवढी फट ओलांडून प्लेट ओढणं जमत नाही. म्हणजे बिघाड झालेला असताना बघायला हवं, गॅरेजमध्ये सकाळी सकाळी सगळं व्यवस्थितच दिसणार. कॉइलच्या वायरवर मीटर लावा. पूर्ण १२ व्होल्टच्या वर येतायत तरी प्लेट फिरत नाही, तर फट किंवा कॉइल. व्होल्टेजच येत नाही तर रिले, स्विच, वायरिंग. मग इंजिन बंद करून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजा, बऱ्याच फोर्ड गाड्यांना ती ०.३५ ते ०.७५ मिलिमीटर लागते, तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. जास्त असेल तर प्लेटच्या मागची एखादी पातळ चकती, शिम म्हणतात तिला, काढली की काम होतं. नवा पार्ट शून्य. चालत्या बेल्टजवळ हात, बाह्या, ओढणी काही नेऊ नका, एवढं मात्र पाळा.

आणि आता तो दोनदा टॉप-अप केलेला गॅस. हा माझा आवडता विषय आहे, चिडण्याचा. टॉप-अप करणाऱ्याने आत आधी किती होता हे मोजलं का? मोजताच येत नाही. इंजिन बंद असताना गेज लावून काटा बघतात आणि सांगतात कमी आहे. आर-१३४ए (तुमच्या एसीत असतो तो गॅस) चा नियम असा आहे की बाहेर ८० फॅरनहाइट असेल तर बंद सिस्टीममध्ये ८६-८७ पीएसआय दिसणार, आत शंभर ग्रॅम द्रवरूप गॅस असो की किलोभर. म्हणजे त्या काट्यावरून गॅस आहे एवढंच कळतं, किती आहे ते नाही. गॅस जास्त झाला तर हाय साइडचं (कॉम्प्रेसरनंतरच्या बाजूचं) प्रेशर वाढतं, गारवा कमी होतो आणि क्लचवर ताण येतो, म्हणजे कदाचित तुमच्या फटीच्या दुखण्यात या टॉप-अपनी भरच घातली. एकदाच पैसे खर्च करा, सगळा गॅस मशीनने काढून घ्या, आतली हवा ओढून व्हॅक्यूम धरून ठेवा आणि स्टिकरवर लिहिलेलं वजन मोजून भरा. हवेत सोडून देऊ नका, अमेरिकेत तो गुन्हा आहे. दुकानात २०१८ पासून स्वतःच बंद होणाऱ्या व्हॉल्व्हचे छोटे कॅन मिळतात (कॅलिफोर्नियात वर १० डॉलर डिपॉझिट) त्यातला लीक बंद करणारा कॅन चुकूनही घेऊ नका, तो सीलंट गॅरेजवाल्याच्या मशीनमध्ये गेला तर मशीन खराब होतं, म्हणून अनेक जण अशा गाडीला हातच लावत नाहीत.

प्रश्न: आई-बाबा भारतातून आलेत, त्यांना मोटरहोमने फिरवतोय. चाळीस फुटी डिझेल पुशर (मागे डिझेल इंजिन असलेली) आहे. डॅशचा एसी फुल असतो, मला पुढे थंडी वाजते आणि मागे सोफ्यावर आईला घाम. काय बिघडलं असेल?

उत्तर: काहीही बिघडलेलं नाही. डॅशचा एसी पुढच्या दोन सीटसाठी आहे, आणि समोर एवढी मोठी काच असताना तो तेवढं करतोय हेच पुष्कळ. चालत्या गाडीत जनरेटर लावा आणि छतावरचा एसी चालू करा, जनरेटर त्यासाठीच दिलाय. छतावरचा एकेक युनिट बहुतेक १३,५०० किंवा १५,००० बीटीयूचा असतो, म्हणजे आपल्या हिशेबात एक टनाच्या वर, आईंना शाल मागावी लागेल. डिझेल जाईल म्हणून लोक लावत नाहीत, पण पाहुण्यांना घामाने भिजवून वाचवलेलं डिझेल कुणाच्या उपयोगाचं! एक लक्षात ठेवा, जनरेटर मुख्य टाकीतूनच पितो पण टाकी साधारण पाव भागावर आली की तो मुद्दाम बंद पडतो, गाडी अडकू नये म्हणून. तेव्हा घाबरून दुरुस्तीवाल्याला फोन करू नका, डिझेल भरा. पुढच्या सीटमागे पडदा असेल तर दोघांचाही प्रश्न सुटतो.

आणि वरच्या पहिल्या उत्तरातलं मॅनिफोल्ड तुमच्याकडे शोधू नका. डिझेलला तसं व्हॅक्यूम नसतं, झडपा व्हॅक्यूमच्या असल्या तर वेगळा छोटा पंप असतो, तो मेला तर सपाट रस्त्यावरही हवा काचेवरच जाते.

प्रश्न: एका आजोबांकडून १९८९ ची मोटरहोम जवळजवळ फुकटात मिळाली. एसी अगदी थोडा गार करतो. त्यात जुना आर-१२ गॅस आहे म्हणे. सरळ १३४ए भरला तर?

उत्तर: वरून भरायचा नाही, दोन गॅस मिसळले की ते मिश्रण कुणीही मशीनमध्ये घेत नाही. आर-१२ चं उत्पादन अमेरिकेत १९९५ अखेर थांबलं, १९९४ च्या आसपासच्या मॉडेलपासून १३४ए आला. जुना साठा अजून मिळतो पण महाग, आणि विकत घ्यायला प्रमाणपत्र लागतं. थोडासाच लीक असेल, ओ-रिंग (जोडावरचं रबरी कडं) बदलून थांबत असेल, तर माझं मत आर-१२ च ठेवा, त्या सिस्टीमला तोच मानवतो.

बदलायचंच असेल तर नीट बदला. जुना गॅस काढून घेणं, ड्रायर नाहीतर अॅक्युम्युलेटर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) नवा, सगळ्या ओ-रिंग नव्या, १३४ए बरोबर चालणारं तेल (जुनं मिनरल ऑइल त्याच्याबरोबर नीट फिरत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो), नवीन प्रकारचे सर्व्हिस पोर्ट (गॅस भरायची तोंडं) आणि बोनेटखाली स्टिकर. गॅस आर-१२ च्या आकड्याच्या ८०-८५ टक्केच भरायचा. एवढं करूनही जुन्या कंडेन्सरवर (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या, गाडीच्या पुढच्या जाळीवर) गारवा आधीपेक्षा जरा कमीच राहतो, म्हणून तो कंडेन्सर आणि फॅन क्लच (इंजिनचा पंखा जोडणारा भाग) त्याच वेळी बघून घ्या. फुकटातल्या गाडीवर किती खर्च करायचा ते आजोबांनाच विचारा, त्यांनी बहुतेक हा हिशेब आधीच केला असेल म्हणून तर दिली.

प्रश्न: आम्ही पुण्याचे. ट्रॅव्हलरसारख्या व्हॅनवर बांधलेला कॅम्पर आहे. ताम्हिणीत, मोकळ्या रस्त्यावर एसी गार, पण चांदणी चौकात ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की पाच मिनिटात गरम. मेकॅनिक म्हणतो, साहेब गॅस भरून टाकू.

उत्तर: समुद्र ओलांडला तरी मेकॅनिकचं वाक्य तेच! गाडी पळताना गार, थांबली की गरम, हे कंडेन्सरला हवा न मिळण्याचं लक्षण. पळताना वारा काम करतो, थांबल्यावर पंख्याने करायचं असतं. एसी चालू ठेवून कंडेन्सरच्या पंख्यासमोर कागद धरा, चिकटतोय का बघा. काही गाड्यांत पंखे दोन असतात, त्यातला एक मेलेला असतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. फ्यूज, रिले आणि अर्थिंगची वायर बघा, कॅम्पर बांधणाऱ्याने नवीन वायरिंग केलेलं असतं तिथे अर्थिंग रंगावरच स्क्रू मारून दिलेलं सापडतं.

पंखे ठीक असतील तर गाडी उभी ठेवून, एसी चालू ठेवून कंडेन्सरवर बाटलीने किंवा पाइपने पाणी मारा. दोन मिनिटात हवा गार झाली तर नक्की हवेचा किंवा धुळीचाच प्रश्न आहे, गॅसचा नाही. फिन्समध्ये (कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांमध्ये) धूळ, किडे, प्लास्टिकच्या पिशव्या सगळं जाऊन बसतं. धुताना आतून बाहेर धुवा, साध्या पाण्याने, सर्व्हिस सेंटरचा तो जोराचा पाइप नको, फिन्स आडव्या होतात.

पाणी मारूनही फरक पडला नाही तर मग लीक शोधायला लावा, नायट्रोजनचं प्रेशर भरून साबणाच्या पाण्याने, आणि गळती सापडून ती बंद झाल्यावरच गॅस भरा. भरताना सिलिंडर समोर आणायला सांगा. नकली १३४ए हा जगभरचा प्रश्न आहे, त्यात मिथाइल क्लोराइड असलं तर ते अॅल्युमिनियमशी रिअॅक्ट होतं, २०११ मध्ये याच कारणाने जहाजाने माल नेणाऱ्या रीफर (माल गार ठेवणाऱ्या) कंटेनरचे कॉम्प्रेसर फुटून माणसं गेली होती. स्वस्तातला सिलिंडर कुठून आला हे विचारायला लाजू नका.

प्रश्न: एसी लावला की बाजूच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाशी पाणी सांडतं, कार्पेट ओलं, वासही येतो. गॅस लीक आहे का?

उत्तर: गॅस लीक झाला तर पाणी पडत नाही, उडून जातो. हे हवेतलंच पाणी आहे, इव्हॅपोरेटरवर साचून खालच्या रबरी नळीने बाहेर पडायला हवं ते आत येतंय कारण नळी चोंदलीय. गाडीखाली जाऊन नळीचं टोक शोधा, चिखल, पानं, कुंभारमाशीचं घर काहीही निघेल, मऊ वायरने किंवा तोंडाजवळ न नेता हलक्या हवेने मोकळी करा, आणि कार्पेट उचलून उन्हात वाळवा. पाणी गोडसर वासाचं आणि हाताला चिकट लागलं तर मात्र ते एसीचं नाही, हीटरचं कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) आहे, गाडी तशी लांब नेऊ नका.

पुढच्या पत्रात गाडीचं वर्ष, पेट्रोल की डिझेल आणि हवा कुठल्या जाळीतून येते एवढं लिहा, बाकी मी विचारीन.